रीळखात्यातली सखुबाई

परळच्या एका गिरणीत, रीळखात्यातल्या बायकांवर सखुबाई नायकीण, म्हणजे मुकादमीण, होती. तिथं सुताच्या लड्या व्हायच्या. कुणाचा हात मंदावला की आधी तिची शिवी यायची, मग रट्टा. साहेबाला तशीच नायकीण हवी होती.

एके दिवशी खात्यातल्या दुर्गाचं सूत सारखं तुटत होतं. सखुबाईनं जाऊन तिच्या पाठीत रट्टा घातला, तशी दुर्गा किंचाळून खालीच बसली. पदर घसरला. चोळीखालच्या उघड्या पाठीवर जळत्या लाकडाचे चटके होते. काही सुकलेले, काही ओले.

"कोणी केलं गं?"

"पडले चुलीवर."

"पाठ टेकून पडलीस?"

दुर्गानं पदर ओढून पाठ झाकली. जखमेतलं पाणी सखुबाईच्या हाताला लागलं होतं. ते लुगड्याला पुसताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

चारचौघींत तिनं पुढं काही विचारलं नाही. दुर्गाला आपल्या शेजारी आणलं, बसल्या बसल्या तुटक्या सुताला गाठी मारायचं काम दिलं आणि तिचं रीळ मालन नावाच्या दांडग्या बाईकडे सोपवलं. दुपारी भाकरी सोडताना ती हळूच म्हणाली, "आज घरी जाऊ नको. लालबागेत माझी खोली आहे."

बायको घरी येईना, तेव्हा दुर्गाचा नवरा गंगाधर दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या फाटकाशी आला. ताडी चढलेली, हातात कोयता. त्यानं दुर्गाचे केस धरले नि तिला धुळीतून फरफटत नेऊ लागला.

"सोड तिला, मुडद्या!" सखुबाई मध्ये घुसली. कोयता तिच्या डाव्या पंजावर बसला आणि दोन बोटं मातीत पडली. तिनं उजव्या हातानं त्याचं नरडं धरलं ते सोडलंच नाही. मालन धावली, तिच्यामागं सगळं खातं. बायकांनी दगडांनी, लाथांनी त्याला असा तुडवला की पहारेकरी पठाणानं ओढून काढला नसता तर तो तिथंच मेला असता.

साहेब बाहेर आला. "दोघींना काढून टाका. घरची भांडणं गिरणीत नकोत."

सखुबाईनं हाताला पदर गुंडाळला होता. त्यातून रक्त गळत होतं. "मला काढा, साहेब. तिला काढलंत तर उद्या एक रीळ फिरायचं नाही."

मागं बायका हलल्या नाहीत. काहींच्या हातांत अजून दगड होते. साहेब त्या दगडांकडे बघत राहिला आणि आत निघून गेला. दोघींपैकी कुणालाच काढलं नाही.

गंगाधर तुरुंगात गेला. दुर्गा लालबागेतच राहिली. दार वाजलं की पुष्कळ दिवस दोघीही दचकत.

सुटल्यावर तो एकदा फाटकाशी येऊन उभा राहिला. सखुबाई उठायला लागली, तर दुर्गानं तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि एकटी बाहेर गेली.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

बायकांच्या त्या मारानं तो एका कानानं बहिरा झाला होता. तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. तो मान खाली घालून चिंचपोकळीच्या बाजूला चालू लागला.