फुईचं सभासदत्व

वहिनी घरात येईपर्यंत फुई माझी होती.

फुई म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत सासर सोडून आली आणि नरडाण्याजवळच्या आमच्या गावात, आमच्याच घरात राहिली. आई दिवसभर शेतात असायची, त्यामुळे मला फुईनंच वाढवलं. वडील सभांना, मोर्चांना जात आणि येताना खिसे भरून पत्रकं आणत. कुठलं हुंड्याविरुद्ध, कुठलं भोंदू बुवांविरुद्ध, कुठलं धरणात गेलेल्या जमिनींचं. फुईला वाचता येत नव्हतं. तूर निवडायला बसली की ती मला हाक मारायची, "वाच वं, आज कोन कोनले झोडी राह्यना?" मी गुलाबी, पिवळ्या कागदांवरचा मजकूर ओरडून वाचायची. मराठीतलं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं, अशी माझी बराच काळ समजूत होती. फुई तुरीतले खडे वेचत, मान जराशी तिरपी करून ऐकायची. ती तिरपी मान म्हणजे माझं पहिलं सभागृह.

पुढे मी जळगावला खोली घेतली. शिकत शिकत स्वतःची पत्रकं काढू लागले. दर रविवारी नाही तरी महिन्यातून एकदा सुरतेकडची गाडी पकडून नरडाण्याला उतरायची आणि नवं पत्रक आधी फुईला वाचून दाखवायची. मग भावाचं लग्न झालं आणि नशिराबादहून वहिनी आली.

लग्नाआधी ती जळगावात एका वकिलाकडे कामाला होती. संस्था, मंडळं, न्यास यांच्या नोंदणीचे कागद तयार करणं हे तिचं काम. बोलायची कमी. आमच्याकडे "माले" म्हणतात, ती "मले" म्हणायची, यावरून आईनं आणि शेजारणींनी तिला महिनाभर चिडवलं. ती हसायची आणि पुन्हा "मले" म्हणायची. फुईला सुरुवातीला "आत्या" म्हणायची. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा ती आतून हाक मारत होती, "फुई, चहा झाला." तो शब्द आमच्या घरात लहानपणापासून मीच वापरत आले होते. भाऊसुद्धा तिला "अक्का"च म्हणायचा. मला तो चहा गोड लागला नाही.

आता मंडळाबद्दल. आमच्या भाऊबंदांचं गावात एक मंडळ आहे, आजोबांच्याही आधीपासूनचं. कुणाच्या घरी मरण झालं की मंडळातली माणसं लाकडं, मंडप, भांडी घेऊन हजर होतात. त्या घरात चूल पेटत नाही तोवर इतर घरं बारीनं, म्हणजे पाळीपाळीनं, भाकरी-पिठलं पोचवतात. सांत्वनाला दारावर बसायला माणसं येतात. सभासद म्हणजे घर, आणि घर म्हणजे त्या घरातल्या पुरुषाचं नाव. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

फुईनं या मंडळासाठी आयुष्यभर भाकरी थापल्या, पण तिचं नाव त्यात नव्हतं. ती वडिलांच्या नावात मोजली जायची. तिला हे कधी खुपलं नसावं. मग आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. तीही माहेरी परतलेली. तिच्या भावाचं मंडळाशी वाजलं होतं आणि त्याचं घर मंडळातून काढलेलं होतं. म्हणून तिच्यासाठी बारी लागली नाही, मंडप आला नाही. बाहेरून आणलेल्या मजुरांनी तिला ट्रॅक्टरवर घालून नेलं. फुई तेवढी त्या घरी गेली. परत येऊन वडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मन्हं नाव तुन्हा नावना मांगे नको. माले मन्हं नाव पाहिजे." फुईनं घरात काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच सुमारास मंडळाला जागा हवी होती. भांडी आणि मंडपाचं सामान ठेवायला पंचायतीची एक खोली रिकामी होती, पण पंचायत म्हणाली, नोंदणी झालेल्या संस्थेलाच देऊ. म्हणून मंडळानं धुळ्याला धर्मादाय कार्यालयात नोंदणी करायचं ठरवलं. नोंदणी म्हणजे नियमावली, आणि नियमावली म्हणजे सभासद कोण ते लिहिणं आलं. मला वाटलं, हीच वेळ. जळगावात रात्रंदिवस बसून मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'मेल्यावरही भावाच्याच नावावर?' आणि खाली जाड अक्षरात, 'मरण माझं एकटीचं, मग नाव भावाचं कशाला!' छापून आणलं, फुईला वाचून दाखवलं, ती मान तिरपी करून हसली. मग मी ते मारुतीच्या पारावर वाटलं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे एक आबा. त्यांनी ते सगळ्यांदेखत फाडलं. "ही पोर आते मरन बी मोर्चामा काढी का?" पारावर हशा पिकला. आबा हसत नव्हते. वडिलांना बाजूला घेऊन ते माझ्याबद्दल म्हणाले, "तुन्ही अंडेरले आवर, नही तं मंडळमाईन निंघ."

वडिलांनी घरी येऊन ते सांगितलं. फुईनं नावाचा विषय पुन्हा काढला नाही. आमचं घर मंडळातून निघालं तर तिचं काय होणार, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी चिडून जळगावला निघून गेले. एक शब्द मागे घेणार नाही असं ठरवलं होतं, आणि घेतलाही नाही.

पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा ओट्यावर फुई तूर निवडत होती. शेजारी, माझ्या जागेवर, वहिनी बसली होती. हातात टाइप केलेले कागद. अगदी सपाट आवाजात वाचत होती, "नियम चार. सभासदत्व. पोटनियम दोन." आणि फुई मान तिरपी करून ऐकत होती.

मला पायातल्या चपला काढायचं भान राहिलं नाही. कुणी नवऱ्याला दुसरीबरोबर बघितल्यावर जे होत असेल, ते मला त्या पोटनियमामुळे झालं.

"हे काय?" मी विचारलं.

"नियमावली," वहिनी म्हणाली. "आबांनीच करायला सांगितलीय. फुकट होते ना."

"आबांची नियमावली तू करतेस?"

"कुणी तरी करणारच होतं, ताई."

फुईनं माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुढं सरकवलं. "बठ, तू बी निवड." मी बसले नाही. आत जाऊन ते कागद नंतर एकटीनं वाचले. त्यात एक जळजळीत वाक्य नव्हतं. मंडळ दुःखाच्या प्रसंगी सभासदाच्या कुटुंबाला मदत 'करण्याचा प्रयत्न करील', असं लिहिलं होतं. मी कागद घेऊन पुन्हा बाहेर आले. "प्रयत्न करील? आपलं मंडळ प्रयत्न करत नाही. ते येतं!"

"ठरलेली मदत मिळेलच असं लिहिलं तर तो विमा होतो," वहिनी म्हणाली. "त्याला वेगळी परवानगी लागते. आपल्याला खोली हवीय, विमा कंपनी नको." फुई खुदकन हसली. माझ्या पत्रकांवर ती अशी कधी हसली नव्हती.

वहिनी आबांबरोबर दोनदा धुळ्याला जाऊन आली. पहिल्यांदा कागद परत आले, कारण आबांच्या आग्रहानं तिनं सभासद म्हणजे 'आमचे भाऊबंद' असं लिहिलं होतं. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, भाऊबंद म्हणजे नक्की कोण? वय किती? आत कोण घेतो, बाहेर कोण काढतो, कशावरून काढतो? पिढ्यान् पिढ्या चाललेल्या मंडळाला याचं उत्तर देता येईना. एसटीत परत येताना आबा म्हणे सारखं बोलत होते, "भाऊबंद म्हंजे भाऊबंद! आते त्या बाईले काय सांगू?" दुसऱ्यांदा वहिनीनं व्याख्या बदलली. गावात राहणारी, अठरा वर्षं पूर्ण झालेली, मंडळाचे उद्देश मान्य असलेली कोणतीही व्यक्ती. काढायचं तर लेखी कारण आणि सर्वसाधारण सभेचा ठराव. एकाच्या भांडणापायी दुसऱ्याचं सभासदत्व जाणार नाही. आबांनी वाचलं, विचारलं, "असंच पाहिजे का हाफिसले?" वहिनी म्हणाली, "व्याख्या पाहिजे, आबा." आबांनी सही केली.

हे तिनं मला स्वतःच सांगितलं, भांडी घासता घासता.

"पण कार्यालयानं अशीच व्याख्या मागितली नव्हती," मी म्हणाले.

"नाही."

"म्हणजे तू आबांना फसवलंस."

"मी एकही शब्द खोटा बोलले नाही."

"हक्क असा मागच्या दारानं घेत नसतात, वहिनी. उघड मागतात."

तिनं परात पालथी घातली. "तुम्ही उघड मागितला होता ना, ताई. मग काय झालं?"

मला आजही वाटतं की माझं बरोबर होतं. हक्क पारावर उभं राहूनच मागायचा असतो. पण तिची ती व्याख्या मी पाठ करून ठेवली आहे, आणि आपल्याला ती सुचली नाही याचा जळफळाट अजून संपलेला नाही.

नियमावली मंजूर करायला मारुतीच्या देवळात सभा झाली. बाया मागे, भिंतीला लागून. आबांनी नियम वाचायला सुरुवात केली. चौथ्यावर आले तेव्हा पुढच्या रांगेतला एक नाना म्हणाला, "थांबा आबा. व्यक्ती म्हंजे बाया बी?"

आबांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. त्यांच्या लक्षात आलं. ते वहिनीकडे बघायला लागले आणि वहिनी जमिनीकडे. मी उठायच्या बेतात होते, माझं भाषण तयार होतं, तेवढ्यात फुई उठली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. सभेत ती कधीही बोलली नव्हती.

"मरन मन्हं एकलीनं शे," ती म्हणाली. "मंग नाव भाऊनं कसाले?"

मग ती एकेका माणसाकडे बोट करून विचारत गेली. तुझी आई गेली तेव्हा भाकरी कुणी आणल्या? तुझा भाऊ गेला तेव्हा? बोट शेवटी आबांवर येऊन थांबलं. त्यांची बायको गेली तेव्हा पहिली टोपली फुईच घेऊन गेली होती. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"ऱ्हाऊ द्या जसं शे तसं," ते म्हणाले. हात वर झाले, आधी मागून, मग पुढूनही. आबा वहिनीकडे वळून हसले, "सूनबाई, चांगलं शिकाडं तू फुईले!"

"मी नाही, आबा," वहिनी लगेच म्हणाली. "ते वाक्य ताईंच्या पत्रकातलं आहे."

"ते पत्रक? ते तं मी फाडी टाकं व्हतं!" सगळं देऊळ हसलं, आबाही हसले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, जणू माझी वस्तू मला परत दिली. तिनं ते श्रेय स्वतःकडे ठेवलं असतं तर निदान मला तिचा धड राग तरी धरता आला असता.

नोंदणी झाली, खोली मिळाली. फुईनं सभासद अर्जावर अंगठा उठवला. थंडीत वरच्या गल्लीत एक मरण झालं आणि पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावानं बारी लागली. मी मुद्दाम जळगावहून आले. सकाळी मी आणि वहिनी तिच्या दोन बाजूंना बसून भाकरी थापू लागलो. वहिनीच्या पातळ, गोल. माझ्या जाड, एका कडेला फाटलेल्या. टोपलीत फडकं घालून फुई रचत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होते. वर कोणाची भाकरी येते, एवढंच मला बघायचं होतं. वहिनीही बघत होती, हे मी शपथेवर सांगते.

फुईनं आमच्या दोघींच्या खाली घातल्या आणि स्वतःच्या दोन वर ठेवल्या. फडकं झाकलं. मी एका बाजूनं टोपलीला हात घातला, वहिनीनं दुसरीकडून. फुईनं दोन्ही हात बाजूला सारले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपली एकटीनं उचलली.

"तुम्ही दोन्ही ऱ्हा घर," ती म्हणाली. "बारी मन्ही शे."