मोठ्या दिरांसमोर

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळेच मावशी म्हणायचे. सुपरवायझर, ट्रॉल्या ढकलणारे, अगदी तिच्याहून वयानं मोठे असलेले वॉचमनही. एवढी भाचरं असून संध्याकाळी खोलीचं कुलूप तीच काढायची आणि आत गेल्यावर कडीही तीच लावायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

शहराच्या वरच्या अंगाला जे डोंगर दिसतात, तिथल्या मूळच्या लोकांपैकी ती. शहर वसायच्या आधीपासून ही माणसं तिथे आहेत. त्यांची भाषा वेगळी आणि लाँड्रीत ती बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. इथली भाषा मावशी कामापुरती शिकली होती. आण, ने, थांब, गरम, झालं. ड्रायरचं प्रत्येक बटण तिला नावानं ठाऊक होतं. स्वतःच्या अंगाबद्दल बोलायला मात्र एकच शब्द होता, 'दुखतंय', आणि तो बोट ठेवून दाखवल्याशिवाय समोरच्याला काही कळत नसे.

आता जे दुखत होतं ते बोट ठेवून दाखवण्यासारखं नव्हतं. मोठ्या मशीनचं दार उघडलं की थोडं पाणी खाली सांडतंच. त्या पाण्यावर तिचा पाय सटकला आणि ओल्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून ती धपकन खाली बसली. तिचं वजन आणि त्या गठ्ठ्याचं वजन, सगळं एकट्या माकडहाडावर आलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवला. त्यानं कमरेचा फोटो काढला, कंबर ठीक निघाली, गोळ्या मिळाल्या.

जखमी कामगारांना पुन्हा कामावर आणायची जबाबदारी ज्या मॅडमकडे होती, त्या नवीन होत्या आणि मनापासून काम करायच्या. मावशीनं आपल्या भाषेत बोलावं असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. बरीच फोनाफोनी करून त्यांनी दुभाष्या शोधला, तोही मावशीच्याच लोकांतला. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ.

ते दारातून आत आले आणि मावशीनं आपली खुर्ची भिंतीकडे वळवली. ते तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ होते, वयानं मोठे. म्हणजे मोठे दीर. त्यांच्यात बाई मोठ्या दिराशी थेट बोलत नाही. अंगदुखीचं तर नावच नको. तोही तिच्याकडे बघत नाही, तिला काही विचारत नाही. दोघं एकमेकांना मान देतात तो असा.

"त्यांना विचारा, नक्की कुठे दुखतं? बसताना त्रास होतो का? संडासला बसताना?" मॅडम म्हणाल्या.

दिरांनी घसा खाकरला आणि खिडकीकडे बघत आपल्या भाषेत म्हटलं, "मॅडम विचारतात, सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे म्हणावं," मावशीनं भिंतीला सांगितलं.

"बरं आहे म्हणते," दिरांनी मॅडमना सांगितलं.

मॅडमना वाटलं, लाजाळू आहेत दोघंही, होईल हळूहळू सवय. त्यांनी मावशीला हलकं काम दिलं. मागच्या स्टोअरमध्ये लाकडी स्टुलावर बसून उशांचे फाटके अभ्रे शिवायचे. ओझं नाही, धावपळ नाही. बसून काम म्हणजे आरामच की!

मावशी कधी डाव्या अंगावर बसायची, कधी उजव्या. मग उठून भिंतीला टेकून उभ्यानंच टाके घालायची. उभ्यानं टाका वाकडा जायचा. सुपरवायझर दारातून डोकावायचा. "काय मावशी, स्टुलाला काटे आलेत का?" आणि हसत निघून जायचा. त्या खोलीत दिवसभरात आलेलं माणूस म्हणजे तेवढंच.

तरी मॅडम दिरांना घेऊन अधूनमधून जी बैठक बोलवायच्या, तिची ती वाट बघायची. मध्येच मॅडमना फोन यायचा, त्या बाहेर जायच्या. मग दीर खिडकीशी बोलल्यासारखं बोलायचे. वरच्या वस्तीत कोण आजारी आहे, कोणाच्या घरावर नवे पत्रे चढले, कोणाच्या सुनेनं सासूला कसं गप्प केलं. मावशी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. सुनेच्या गोष्टीला तिचे खांदे हलले, तेव्हा दिरांनी ती गोष्ट आणखी जरा लांबवली. खोलीवर गेल्यावर ती हे सगळं मनात पुन्हा पुन्हा ऐकायची. एरवी तिच्या भाषेत तिच्याशी कोण बोलत होतं?

मग ती बैठक आली. मॅडमचा चेहरा उतरला होता.

"सुपरवायझर म्हणतात, यांचं कामात लक्ष नाही. सारख्या उठतात. याहून हलकं काम माझ्याकडे नाही. आता नाही जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल, मला थांबवता येणार नाही. जरा नीट विचारा हो त्यांना."

दिरांनी रुमालानं मान पुसली. "मॅडम म्हणतात," ते खिडकीला म्हणाले, "मॅडम म्हणतात की... काम जाईल."

एवढं तर मावशीला आधीच कळलं होतं. गप्प राहिलं तर काम जाणार. बोलायचं तर दोन बस बदलून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला परक्या बाईसमोर परत पाठवायचं. आणि ते गेले की वस्तीची खबर कोण देणार?

तिनं खुर्ची मॅडमकडे वळवली आणि लाँड्रीच्या भाषेत म्हणाली, "हे नको. ह्यांची बायको पाहिजे."

मॅडमचं पेन थांबलं. दिरांचे कान लालबुंद झाले.

"काय पाहिजे?"

"बायको. ह्यांची. आण."

"मॅडम," दीर हळूच म्हणाले, "ती माझी धाकटी भावजय लागते. तिनं मला सांगायचं नसतं, मी तिला विचारायचं नसतं."

"अहो, मग पहिल्याच दिवशी बोलायचं ना!"

"वाटलं, दुसरं कोणी मिळालं नाही तर हिचं अडेल. आणि..." ते खिडकीकडे बघू लागले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी फक्त भाषेचं बघितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकमेकांचे कोण लागता, हे विचारायला हवं होतं."

पुढच्या खेपेला जाऊबाई आल्या. इथली भाषा येते का असं मॅडमनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बाजारात भाजी विकते मी. शिव्यासुद्धा येतात. देऊ का एखादी?" दीर बाहेर बाकावर बसले. मॅडमनी स्वतः उठून दार लावलं.

आधी दोघी जावा इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, आणि मॅडमनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग जाऊबाईंनी आवाज खाली आणला. "कुठे गं?" मावशीनं त्यांचा हात धरला आणि पाठीमागे, जिथे दुखत होतं तिथे नेला.

"अगं बाई! आणि तुला स्टुलावर बसवलंय?" जाऊबाई मॅडमकडे वळल्या. "अहो, हिचं माकडहाड गेलंय, आणि तुम्ही हिला बसायचं काम दिलंत!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग फोन उचलून आधी लेडी डॉक्टरची वेळ घेतली आणि नंतर सुपरवायझरला बोलावलं. मावशीला कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर घ्यायचं ठरलं. मोठ्या हॉलमध्ये, उभ्यानं, फक्त टॉवेल. तिची जागा राहिली.

तिघी बाहेर निघाल्या तेव्हा दीर बाकावरून उठले आणि जिन्याकडे बघत बायकोला म्हणाले, "विचार तिला, झालं ना काम?"

"झालं, झालं. चला आता, भाजीची गाडी शेजारणीवर सोडून आलेय."

मावशीला जाऊबाईंकरवी म्हणायचं होतं, त्यांना सांगा, राग मानू नका, कधी इकडून जाताना वस्तीचं सांगून जात जा. पण जाऊबाई दोन पायऱ्या उतरल्याही होत्या. दीर क्षणभर रेंगाळले, तिच्याकडे न बघता. मग तेही उतरले.

घड्यांच्या टेबलाशी मावशीच्या दोन्ही बाजूंना बायका असतात. त्या दिवसभर बोलतात, मावशीच्या समोरून, पाठीमागून. ड्रायरमधून आलेले टॉवेल हाताला ऊन लागतात. बोलणं तिला निम्मं कळतं. कोणी काही गमतीचं बोललं की सगळ्या हसतात, आणि तीही हसते, जराशी उशिरा.