दिवाकररावांची डाय

दिवाकररावांचा स्वभावच शंकेखोर. रिसालीच्या घरी दूधवाला दारात आला की हे आधी दुधात बोट बुडवणार, मग पातेलं पुढे करणार. अशा माणसाच्या डायला कोणी हात लावला तर काय होईल, ते सांगायलाच नको.

डाय म्हणजे पोलादी साचा. जामुलला कृष्णरावांच्या कारखान्यात तो प्रेसवर बसवलेला असे. वरून पंच, म्हणजे कापणारा पोलादी ठोकळा, आदळला की पितळी पट्टीतून तांदळाच्या दाण्याएवढी पत्ती कापली जाऊन, वाकून खाली पडे. विजेच्या स्विचच्या पोटात बसणारी. दिवसाला लाखभर. पंच केसभर सरकला तरी पत्तीच्या कडेला बारीक धार उभी राहते, तिला तिथं बर म्हणतात, आणि बर असलेला माल गिऱ्हाईक परत पाठवतं. म्हणून रोज संध्याकाळी दिवाकरराव डाय खोलून, पुसून, पुन्हा जुळवत. मधे पांढरा पतंगी कागद ठेवायचा, हातानं चाक फिरवून पंच खाली आणायचा. कागद चारी बाजूंनी साफ कापला गेला की बोल्ट आवळायचे. एकतीस वर्षांत हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं.

यंदा मात्र दोनदा माल परत आला. एकदा हिरा माहेरी भंडाऱ्याला गेली होती त्या आठवड्यातला, एकदा तिच्या पोरीच्या लग्नातला. हिरा म्हणजे भिंग घेऊन माल तपासणारी बाई. तिच्या पदराचे दोरे नेहमी निघालेले असत, आणि दिवाकरराव तिला चिडवत, "हिरा, मांजर पाळली काय वं?" तिच्या जागी दुसरं कोणी बसलं आणि खराब माल निसटला, असं कृष्णरावांनी धरलं. पण मुळात माल खराब झालाच कसा? दिवाकररावांचं डोकं तिथंच अडलं. त्यात प्रेसखाली त्यांना कापलेल्या कागदाचे तुकडे सापडले. गुलाबी.

"म्या जिंदगीत गुलाबी कागद वापरला नाही, साहेब," ते कृष्णरावांना म्हणाले. "कोणीतरी माझ्या मागं डाय खोलून राहिलं."

"कोन?"

नाव त्यांच्या मनात तयारच होतं. रूपेश. प्रेस चालवणारा, चाळिशीचा, दोन पोरींचा बाप. हल्ली तो यांच्याशी नजर मिळवत नसे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

"शनिवारी त्याले घरी पाठवतो," कृष्णराव म्हणाले. "कायमचा."

पण नुसत्या संशयावर माणसाचं पोट मारणं म्हणजे पाप, एवढं दिवाकररावांनाही कळत होतं. रंगेहात धरलेलं बरं. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी बोल्ट आवळले आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पोलादापर्यंत निळ्या शाईची सरळ रेघ ओढली. शुक्रवारी सकाळी रेघ तुटलेली होती. मग शनिवारी आठऐवजी सातलाच स्कूटर चहाच्या टपरीमागं लावून ते दबकत आत शिरले.

प्रेसपाशी हिरा होती. हातात पाना, पुढ्यात गुलाबी कागद.

"रूपेशनं शिकवलं तुले हे?"

"त्याले काय येते?" हिरा घाबरली होती, पण पाना तिनं सोडला नाही. "तुमचंच पाहून शिकली, भाऊ. अठरा वर्षं समोर बसून राहिली मी."

"आन माझीच डाय खराब करून राहिली?"

बोल्ट तिनं अजून सैल केले नव्हते; डाय काल संध्याकाळच्या त्यांच्याच जुळवणीवर होती. तिनं कागद ठेवला, चाक फिरवलं आणि कापलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"साफ आहे," ते म्हणाले.

तिनं भिंग पुढे केलं. भिंगातून डावी कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली. भिंग बाजूला केलं की पुन्हा साफ. दिवाकररावांनी तीनदा पाहिलं. मग हिरानं पट्टी घालून प्रेस एकदा चालवली, पडलेली पत्ती उचलली आणि पदरावरून ओढली. बर असली की पत्ती कापडात अडकते. दोरा निघाला.

दिवाकररावांनी तो पदर पाहिला. असे दोरे त्यावर किती होते, ते मोजायची त्यांची छाती झाली नाही.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तुमी कोणाचं ऐकता, भाऊ?"

दहा वाजता कृष्णरावांच्या केबिनमध्ये रूपेश डब्याची पिशवी धरून उभा होता. खरं सांगायचं तर दिवाकररावांच्या मनात एकदा येऊन गेलं, की गप्प बसावं. हिरा बोलणार नव्हती. डाय आपली राहिली असती, नावही राहिलं असतं. त्या विचाराची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली.

"साहेब, रूपेशनं काही केलं नाही," ते म्हणाले. "मलेच दिसत नाही आता. होळीपासून माझी चूक हिरा सुधारून राहिली. डाय तिच्या हाती द्या."

बाहेर आल्यावर रूपेश त्यांच्या शेजारून चालत राहिला.

"मले माहीत होतं, काका. सकाळी लवकर आलो का ती डाय जुळवताना दिसे."

"मंग बोलला कावून नाही? तुही नोकरी जाऊन राहिली होती."

"तुमाले दिसत नाही, हे तुमच्या तोंडावर कसं सांगू?" रूपेश म्हणाला आणि सवयीनं त्यानं नजर खाली घातली.