पीयूषिका पाहायला

पाथरीहून मानवत रोडला जाणारी सकाळची एस.टी. सुटली तेव्हा मिलिंद आत्याच्या मांडीवर बसून खिडकीबाहेर पाहत होता. मी कंडक्टरकडे दोन पूर्ण आणि एक अर्धे तिकीट मागितले. त्याने वाकून मिलिंदकडे पाहिले आणि एवढ्याशा लेकराला तिकीट कशाला, असे म्हणून हसला. मुलगा सहा वर्षांचा आहे असे मी सांगितले, तरी त्याचा विश्वास बसेना.

"काढ बाबा तिकीट," आत्या म्हणाली. "मास्तरीण हाय ती. खोटं बोलली तर रातभर झोपायची न्हाई."

आत्या ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासूही. ह्यांची सारी रजा सुजाताच्या वेळी संपली होती, म्हणून या प्रवासाला आम्ही तिघेच निघालो होतो.

सुजाता माझी थोरली. तीही अशीच लहानखुरी होती. अंगकाठीच तशी, असे सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. मागच्या वर्षी तिला साधा ताप आला. दोन घास खाऊन ती झोपली आणि सकाळी हाका मारून उठेना. जीप परभणीला पोचेपर्यंत ती गेली होती.

पुढे मिलिंदही उपाशीपोटी सकाळी मान टाकू लागला, तेव्हा परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचे रक्त तपासले. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिच्यातून पुरेसा रस येत नाही, असे ते म्हणाले. तिथे गाठ दाबते आहे की ग्रंथी मुळातच नीट घडलेली नाही, हे डोक्याच्या आतले चित्र काढल्याशिवाय कळणार नव्हते. ते काढणारे यंत्र जवळात जवळ सिकंदराबादला होते. गाठ असेल तर कवटी उघडावी लागेल, नसेल तर गोळ्यांवर भागेल. त्या ग्रंथीचे मराठी नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले : पीयूषिका. शाळेतल्या शब्दकोशात मी पीयूष शब्द काढून पाहिला. अमृत, आणि व्यालेल्या गाईचे पहिले दूध.

मानवत रोडला आम्ही रेल्वेगाडीत बसलो. परभणी स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा अजून होत्या, चुन्याचा हात देऊनही खालची निळी अक्षरे वाचता येत होती. पूर्णेनंतर आत्याने दस्ती (हातरुमाल) सोडून धपाटे (मिश्र पिठांची, तिखटमीठ घालून थापलेली भाकरी) काढले. मिलिंदला फार वेळ उपाशी ठेवायचे नव्हते. माझ्या पिशवीत गुळाचे खडे होते आणि तो पेंगला की तो झोपेने पेंगतो आहे की कशाने, हे मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहत होते. मग तो वैतागून म्हणायचा, "आई, मी जागाच हाय."

बासरच्या अलीकडे गाडी गोदावरीवर आली. हीच गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते, पण इथे तिचे पात्र पाहून मी खिडकीशी सरकले. पाण्यावर ऊन असे पसरले होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. डब्यातल्या बायांनी हात जोडून नाणी टाकली. एकीने आत्यालाही टाकायला सांगितले.

"आमच्यात न्हाई ते," आत्या म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून नदीकडे बघत राहिली.

सिकंदराबादला उतरल्यावर बोलायची जबाबदारी आत्याने घेतली. ती निजामाच्या राज्यात वाढलेली. रिक्षावाल्याशी तिने दखनीत अशी घासाघीस केली की त्याने तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या ठिकाणी गेलो, तर दारावरच सूचना होती : आत मोठा चुंबक आहे, अंगावर लोखंडाची वस्तू नको. मी केसांतल्या पिना काढल्या, मिलिंदच्या चड्डीचा हूक कापला. त्याच्या हाताला साखरेच्या पाण्याची नळी लावली होती. झोपेचे औषध दिल्यावर तो माझ्या खांद्यावर जड झाला आणि मी त्याला घेऊन आत गेले. आत्या दारात थांबली.

खोलीच्या मध्यभागी विहीर आडवी करून ठेवावी तसे पांढरे, गोल तोंडाचे यंत्र होते. मी त्याच्या जवळ गेले आणि मिलिंदच्या बंडीचा खालचा काठ आपोआप उचलला गेला. वारा नव्हता. काठ ताठ झाला आणि बोट दाखवावे तसा यंत्राकडे रोखून राहिला. भीती वाटायलाही मला क्षणभर उशीर झाला, इतके ते विलक्षण होते.

यंत्र चालवणाऱ्या माणसाने झटकन काठ मुठीत धरला आणि आम्हाला मागे ओढले. "कपड़े में लोहा है, बाई."

दारातून आत्या म्हणाली, "सुई है बेटा. नजर की."

त्याने बाहेर आणून काठ उसवला. काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली शिवणाची सुई निघाली. ती आत्याच्या तळहातावर ठेवत तो म्हणाला, "अम्मा, हमारे मशीन की नजर तुम्हारी सुई से तेज है."

बाहेर बाकावर बसलो तेव्हा आतून ठकठक सुरू झाली होती, मानवतच्या कापसाच्या जिनिंगसारखी. आत्या आपणहून बोलली.

"दीक्षा घेतली अन् समदं सोडलं आमी. देव सोडले, ताईत सोडले. सुजाताला कायबी बांधलं न्हाई. अन् ती गेली. म्हून एक सुई, पोरी. एकच."

दुपारी डॉक्टरांनी बोलावले. ते नांदेडकडचे, त्यामुळे मराठीतच बोलले. प्रकाशाच्या पेटीवर त्यांनी काळी फिल्म लावली आणि मिलिंदचा चेहरा एका बाजूने उभा चिरल्यासारखा समोर आला. नाकाचा शेंडा, ओठ, जीभ, आणि वर मेंदूच्या घड्या, नांगरलेल्या रानासारख्या. हे सगळे माझ्याच पोटात, मला न कळता घडले होते. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

गाठ नव्हती. डॉक्टरांनी ते आधी सांगितले. मग पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवली. इथे मटाराएवढी ग्रंथी हवी, ती तिळाएवढी होती. वरून येणारा देठ दिसत नव्हता. ग्रंथीच्या मागे असायचा तो पांढरा ठिपका पुष्कळ वर, देठ जिथून निघतो तिथेच अडकला होता. काळ्या आभाळात एकच चांदणी असावी तसा तो चमकत होता. हा दुर्मिळ आजार बहुधा दोन्ही बाजूंच्या रक्तातून आला आहे, असे ते म्हणाले. नात्यातले लग्न आहे का, असेही त्यांनी विचारले. मी हो म्हणाले.

आत्याने पदर सावरला. "नजरंचं न्हाई का मंग हे?"

"नाही, आजी. आईच्या पोटातच झालंय हे."

"अन् थोरली?"

"बहुतेक हेच. बाहेरून कुणालाच दिसलं नसतं."

"भावाची लेक मीच मागून आणली," आत्या फिल्मकडे बघत म्हणाली. "माझ्याच घरचं रक्त."

"माझंही घर तेच आहे, आत्या," मी म्हणाले.

गोळ्या रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट, आणि उपाशी ठेवायचे नाही. खाल्लेले पोटात ठरत नसेल तर तडक दवाखाना. एवढ्यावर तो जगणार होता. हेच सुजाताच्या वेळी कुणी सांगितले असते तर, हा विचार परतीच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनावर माझ्याबरोबर होता. तिचे असे चित्र कधी निघाले नाही. मी खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मिलिंदच्या डोक्यातली ती चांदणी पाहत होते आणि मला सुजाताची दिसत होती.

पीयूषिका म्हणजे काय, हे आत्याने गाडीत विचारले. मी शब्दकोशातला अर्थ सांगितला.

"म्हंजी चीकच की," ती म्हणाली. "लेकराला आतला चीक कमी पडला." आणि बऱ्याच वेळाने, "तिलाबी."

गोदावरी पुन्हा आली तेव्हा मिलिंद आत्याच्या मांडीवर उभा राहून पाणी पाहत होता. आत्याच्या हातात सुई होती. ती नदीत टाकते की काय असे मला वाटले. तिने ती पदराच्या टोकात टोचून ठेवली.

गेल्या वर्षभरात कुठूनही पाथरीला परतले की घर मला रिकामे वाटायचे. या वेळी रिकामे होतेच, पण आपण कशाला हरलो त्याची जागा मी डोळ्यांनी पाहून आले होते, तिळाएवढी. ज्याला जागा आहे त्याच्याशी माणसाला काहीतरी करता येते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आत्या उंबऱ्यात बसली होती, मांडीवर मिलिंदची बंडी. छातीशी तिने आतून चौकोनी खिसा बेतला होता, गोळ्यांची पुडी आणि गुळाचा खडा मावेल एवढा. पदरातली सुई काढून तिने माझ्यापुढे धरली.

"दोरा ओवून दे, मास्तरीणबाई. मला नेढं दिसंना."

मी पिशवी खाली ठेवली आणि सुई उजेडाकडे धरली.