पाहुण्या माझ्या, पाणी काकूंचं

मंडळी, बागेचे फोटो टाकून तुमची वाहवा घेणारी मीच ती, म्हणून आजचं हेही इथंच लिहिते.

पाणी कमी लागतं आणि मधमाश्यांनाही खाऊ मिळतो, म्हणून पुंडलिकनगरच्या घरापुढं मी अडुळसा लावलाय. या फाल्गुनात तो पांढऱ्या फुलांनी लई भरला. मधमाश्यांची नुसती लगबग.

आज सकाळी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या पाण्याच्या ड्रमवर मधमाश्याच मधमाश्या. पाणी काढताना एक चावली होती. बोटाला चुना लावून त्या उभ्या होत्या.

दुखतंय का, हेही न विचारता मी म्हणाले, "काकू, मारू नका हं त्यांना. लई उपयोगी असतात."

"मारत नाय गं," काकू म्हणाल्या. "पण फुलं तू लावायची अन् पाणी मी पाजायचं, व्हय?"

मी मागं वळून पाहिलं. टँकरचं पाणी म्हणून माझे सगळे ड्रम मीच फडकं बांधून, दोरीनं आवळून ठेवलेले. अंगणात पाण्याची एक वाटीसुद्धा नाही. मला मान वर करवेना.

काकूंनी मात्र तेवढ्यात ड्रमशेजारी ओलं गोणपाट पसरलं, मधमाश्यांना बसून पिता यावं म्हणून.

मग मीही परातीत खडे टाकून पाणी ठेवलं. दिवस मावळेपर्यंत एकही मधमाशी फिरकली नाही. सगळ्या भिंतीपलीकडंच जात होत्या.

काकूंचं बोट दुखतंय का, हे विचारायचं अजून राहिलंय. सांगा, कोणत्या तोंडानं जाऊ?