आक्काची राखण

आक्का गेल्याचं आधी पाखरांना कळलं. हातकणंगल्याच्या शिवारात उन्हं वर आली तरी जोंधळ्यावर चिमण्यांचे थवे निवांत बसलेले, हाक नाही की गोफणीचा आवाज नाही... ते बघून शेजारच्या शेतातला माणूस तिच्या खोपीत डोकावला. आठवडाभर ती ताप अंगावर काढत होती म्हणे. राजारामपुरीत मला, तिच्या धाकट्या भावाला, निरोप मिळेपर्यंत दुपार झाली. त्याला आता महिना होत आला.

संस्थान विलीन झालं त्या साली तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत मेहुणे वारले. आक्का पांढऱ्या पायाची ठरली. सासूनं तिला पाखरं राखायला रानात धाडलं, ‘सुगीपुरतीच’ म्हणून. चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर उभी राहून ती ‘हाऽऽ हुर्रर्र!’ करायची, तेव्हा पलीकडच्या शेतातले राघूसुद्धा उठायचे. गोफणीचा नेम असा की कणसाला धक्का न लागता थवा उडावा. मला फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, तिचा हात जरा कच्चा असता तर बरं झालं असतं. जोंधळा झाला की मका, मका झाला की पेरलेला भुईमूग... तिची सुगी कधी सरलीच नाही. दाणा पुरेपूर घरी यायचा, म्हणून तिला घरी कुणी बोलवेना.

मी कितीदा म्हटलं, माझ्याकडे चल. “भावाकडं पावणी म्हणून यीन की. ऱ्हायाचं तर माज्या घरात,” ती म्हणायची. शेवटच्या भेटीत थंडीनं हात चोळत म्हणाली, “मला काय मोठं नगं रं बाळू. चुलीम्होरं बसून चार भाकरी थापाय मिळाल्या की बास.”

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. “जल्मभर हाकलली, आता कशाला येत्यात?” कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसलेही. मला राग आला, त्याहून जास्त रडू आलं. तिचे थोरले दीर, अण्णा, हात जोडून म्हणाले, “पिकाची काळजी करू नगंस. दाणा न् दाणा घरात आणतो.” कावळे बाभळीवरून हलले नाहीत. मला राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, एकदा म्हणा की, तुला घरात घेतो.”

“काय बोलताय पावणं? मेलेलं मानूस घरात घेत्यात व्हय?”

जिवंतपणी तरी कुठं घेतलं होतं! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. घाट चढताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटलं, आता तरी तिच्याबद्दल काही बोलतील.

“पावणं,” ते म्हणाले, “पीक तसंच उघडं हाय बघा. तुमच्याकडं कोण एकटी बाईमानूस हाय का, राखणीला?”