आडोसा कोण वापरतं

मनालीचे वडील बारकूअण्णा मनमाडला रेल्वेत कीमन होते. रोज पहाटे हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून ते ठरलेला रूळ पायी चालत. रुळाला धरून ठेवणाऱ्या एकेका चावीवर हातोडा मारून कान देत. घट्ट चावीचा आवाज वेगळा, सैल चावीचा वेगळा. असा सगळा रूळ त्यांनी तीस वर्षं ऐकला. या माणसाची लेक पुढे जे काम करायला लागली, ते त्यांना समजावून सांगायला तिला तीन संध्याकाळी लागल्या.

फोनवर आपण काही शोधतो, एखादं पान उघडतो, ते ज्या खिडकीतून दिसतं ती खिडकी म्हणजे ब्राउझर. मोठ्या कंपन्यांनी ती फुकट दिली. मात्र आपण तिच्यातून बाहेर पाहतो तसं कुणी बाहेरून आतही पाहतं, आणि पाहिलेलं लक्षात ठेवतं. नाशिकला गंगापूर रोडच्या मागे, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मनाली आणि तिचा कॉलेजपासूनचा मित्र महेश यांनी तीन वर्षं राबून दुसरी खिडकी घडवली. आतलं इंजिन जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही घेता येणारं. त्यातून बाहेर बातमी नेणारी एकेक वाट शोधायची आणि बुजवायची, असं ते काम. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, कीबोर्डावर पीठ बसायचं. ब्राउझरचं नाव त्यांनी ठेवलं आडोसा. बंद केला की तो सगळं विसरायचा. आणि आपल्याला कोण वापरतं, हे तो मनालीलासुद्धा सांगायचा नाही.

तिथेच घोडं अडलं. ज्या संस्थेच्या मदतीवर ती खोली आणि दोघांचा पगार चालायचा, तिने पुढच्या वर्षाची मदत देण्याआधी विचारलं, की लोक किती वापरतात? आकडा हवा, आणि खात्रीसाठी पाच जणांची नावं व फोन नंबर. महिनाअखेरपर्यंत.

महेशने तोड काढून ठेवली होती. "कोडच्या चार ओळी आहेत गं. नाव नाही, गाव नाही. आडोसा उघडला की आपल्याकडे नुसता एक ठोका पडेल."

"आणि आपण ठोके ऐकत बसायचं," मनाली म्हणाली.

"मग काय, दारोदार फिरणार? जनगणनेच्या बाईसारखी?"

मनाली खरंच निघाली. वर्षापूर्वी कळवणजवळच्या एका गावात, बचत गटाच्या बैठकीत तिने सात बायकांच्या फोनवर आडोसा घालून दिला होता. त्याचं पुढे काय झालं, हे तिला ठाऊक नव्हतं. एसटीत बसल्यावर तिला भीतीपेक्षा उत्सुकता जास्त वाटत होती. आपण बांधलेल्या घरात कुणी राहायला आलं आहे का, हे पाहायला निघाल्यासारखी.

पहिल्या चार घरांनी आडोसा काढून टाकला होता. काल पाहिलेलं पान आज सापडत नाही, दर वेळी पहिल्यापासून शोधायचं, अशी त्यांची तक्रार. "लय विसरभोळा हाय तुमचा," एकीने सरळ सांगितलं. पाचवीचा फोनच फुटला होता. सहावीच्या घराला कुलूप होतं.

सातवं घर लंकाबाईंचं. घरात फोन एकच. दिवसा तो सासू-सुनेकडे असायचा, मुलगा शेतातून आला की त्याच्याकडे जायचा. सून चहा ठेवायला आत गेली तशी लंकाबाईंनी पाट जवळ ओढला. खोकलं की लुगडं ओलं व्हायचं, असा त्यांना त्रास होता. साध्या ब्राउझरात त्यांनी फोनला बोलून विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या माणसांच्या चड्ड्यांच्या जाहिराती नाचायला लागल्या. तो खो खो हसला. कुणामुळे, हे त्याला कळलं नव्हतं, पण लंकाबाईंनी दोन दिवस त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मग त्यांना आडोसा आठवला. त्यातच बघून बघून त्या आता एक व्यायाम करत होत्या. उतार पडला होता.

"पूजाला नको सांगू हां, पोरी," त्या म्हणाल्या. "सून हाय. हसायची."

चहा झाला. पूजा मनालीला फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा पटकन म्हणाली, की ती आडोशात नाशिकच्या नर्सिंग कॉलेजची माहिती पाहते. फॉर्म निम्मा समजला आहे. घरी अजून विषय काढलेला नाही.

"आत्याबाईंना एवढ्यात कळू देऊ नका, ताई."

परतीच्या वाटेवर मनालीला हसू येत होतं. एकाच फोनवर, एकमेकींच्या नकळत, दोघी. सांगायची म्हटली तर हीच दोन नावं होती, आणि हीच दोन सांगता येणार नव्हती.

संस्थेच्या फॉर्मवर तिने लिहिलं, की सात घरी गेले, चार घरांनी आडोसा काढून टाकला आहे. का काढला, तेही लिहिलं. वापरणारे भेटले, पण नावं देणार नाही, असंही लिहिलं.

महेशने ते वाचलं. "मला तरी सांग, कोण भेटलं?"

"तुलाही नाही."

तयार करून ठेवलेल्या त्या चार ओळी त्याने पुसून टाकल्या.

मदत बंद झाली. गिरणीवरची खोली सोडावी लागली. मनाली सकाळी एका कॉलेजात शिकवायला लागली, महेशने घरून करायची नोकरी धरली, आणि दुपारनंतर दोघं मनालीच्या स्वयंपाकघरात बसायला लागले. त्या चार घरांची तक्रार मनात धरून त्यांनी आडोशाला एक सवय लावली. बंद होताना तो विचारतो, की हे पान ठेवू का विसरू? ठेवलेलं पान ज्याचं त्याच्या चार गुप्त आकड्यांनीच उघडतं.

नवा आडोसा पेठच्या बाजूच्या एका गावात दिला, त्याला तीन महिने झाले तेव्हा कुठे काही अडतं का, ते घरोघर विचारायला मनाली निघाली. महेश म्हणाला, या खेपेला मीही येतो. वही-पेन्सिल घेऊन तो पहिल्याच दारात उभा राहिला. कमळाबाई नागली निवडत होत्या. वापरता का, म्हणून त्याने आदबीने विचारलं.

कमळाबाईंनी सुपातून डोळे वर केले. "वापरते का नाय, ते तुला कशाला सांगू?"

महेशने मनालीकडे पाहिलं. ती पुढच्या घराकडे चालायला लागली होती.